आधी आकडे, मग रामराम

नीळकंठ धर्माधिकारी हा माणूस मूळचाच भित्रा. विंचवाला भ्यायचा नाही, साहेबाला भ्यायचा नाही. भ्यायचा तो दुकानदाराला. दुकानाची पायरी चढला की याच्या तळहाताला घाम सुटे. गल्ल्यावरचा माणूस हसून 'या, या' म्हणाला की याला वाटे, झालं, आपली मान गेली सुरीखाली. त्याला कारणही होतं. याच्या वडिलांनी एकदा अकोल्याहून हौसेनं रेडिओ आणला होता, आणि आठ दिवसांनी कळलं की शेजारच्याच दुकानात तोच रेडिओ निम्म्या किमतीत मिळत होता. त्यानंतर त्या रेडिओवर भजन लागो की बातम्या, वडिलांचं तोंड कडूच. ते तोंड रोज बघत नीळकंठ मोठा झाला, आणि पोरवयातच त्यानं गाठ बांधली की बाप्पा, जगात काहीही होवो, आपण फसायचं नाही.

अशा माणसाला मोबाईलवर कूपनच्या साइटी सापडल्या. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं. समोर दुकानदार नाही, हसणं नाही, घासाघीस नाही. बुलढाण्यातल्या एका खासगी अनुदानित कॉलेजात तो कारकून; दुपारचा डबा झाला की खुर्ची भिंतीकडं वळवायची अन् चार साइटी उघडून बसायचं. कोणत्या दिवशी कोणता कोड चालतो, कोणत्या बँकेच्या कार्डावर टीव्ही स्वस्त पडतो, मिक्सर निवडून दोन दिवस तसाच सोडून दिला की कंपनी स्वतःहून कशी सवलत धाडते, हे सगळं त्याला तोंडपाठ. पाच वर्षांत कॉलनीतला एकही कूलर, एकही फोन त्याला विचारल्याशिवाय कुणी घेतला नाही. एक पैसा कमिशन त्यानं कधी घेतलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. समोरच्याचे हजार-दीड हजार वाचले की याची छाती फुगायची, तेवढ्यावर गडी खूश.

आता सगळ्यात मोठं कूपन असतं ते नव्या गिऱ्हाइकाला. म्हणून नीळकंठनं अख्ख्या कॉलनीला नवं गिऱ्हाईक करून टाकलं. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा नंबर, आणि सगळं चालवणारा हा एकटा. यात अडचण एकच होती. ओटीपीचे ते सहा आकडे जायचे त्या त्या माणसाच्या मोबाईलवर, आणि त्यांची मुदत मिनिट-दोन मिनिटांची. आपल्याकडं फोनवर बोलायची रीत तर ठाऊकच आहे. आधी रामराम, मग पाऊसपाणी, मग लेकरंबाळं, मग कुणाचे तरी गुडघे, अन् मग कुठं काम. तोवर आकडे मेलेले असायचे. अशी दोन-तीन मोठी कूपनं हातची गेली तेव्हा नीळकंठ चिडला आणि त्यानं नियमच घातला. माझा फोन आला की आधी आकडे, मग रामराम.

लोकांनी नियम हसत हसत घेतला आणि इमानानं पाळला. पुढं पुढं तर फोन उचलला की 'हॅलो'सुद्धा नाही, कॉलनीतले वामनराव थेट 'चार, सात, शून्य' करत सुटायचे. नीळकंठची बायको स्नेहलता शाळेत शिक्षिका. ती एकदा म्हणाली होती की बँक घसा फोडून सांगते हे आकडे कुणाला देऊ नका, अन् तुम्ही लोकांना ते द्यायची शिकवणी लावलीय. यावर नीळकंठ म्हणाला, मी काय चोर आहे?

शालूबाई या लोकांतलीच, पण सगळ्यांपेक्षा जवळची. तिचा नवरा उत्तमराव नीळकंठच्याच कॉलेजात शिपाई होता, आणि देऊळघाटला त्याची चार एकर कोरडवाहू. तो गेला तेव्हा पेन्शनचे कागद नीळकंठनंच केले, बँकेत खातं त्यानंच उघडून दिलं. दर संक्रांतीला शालूबाई तुरीची डाळ घेऊन यायची अन् स्नेहलताला सांगायची की माह्या भावापेक्षा हे मले जास्त हायेत. तिची लेक पुष्पांजली सुलतानपूरला दिलेली, आणि पुष्पांजलीची साडेचार वर्षांची ओवी आजीजवळ देऊळघाटला. कारण ओवीला ऐकू येत नव्हतं. बुलढाण्याला तिचे कान तपासायला, तिला बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा न्यावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही कानांना मशीन लावा, आणि लवकर लावा. वय निघून गेलं की मग कानावर आवाज पडूनही बोलणं यायला कठीण. साधी मशीन तिला चालणार नव्हती, आणि चालणारी महाग. शालूबाईनं तूर विकली, सोयाबीन विकलं, गळ्यातली पोत मोडली, आणि दोन्ही कानांचे मिळून दीड लाख खात्यात गोळा केले. मग ती नीळकंठकडं आली. काही कमी होते का पाहा, म्हणाली, उरले त तिच्या शिकवनीले होतील.

नीळकंठ त्या दिवसापासून झपाटल्यासारखा झाला. कानाच्या मशीनवर कूपन कोण देतो? चारही साइटी पालथ्या घातल्या, काही नाही. शेवटी शनिवारी त्याला एक नवीच साइट दिसली. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूवर तीस टक्के सूट, कानाच्या मशीनचं नाव घेऊन लिहिलेलं. अट एकच, स्वतःचं नाव आणि ओळखीच्या वीस गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर अन् बँकेच्या कार्डाचे नंबर भरा. नीळकंठ क्षणभर थबकला, नाही असं नाही. पण ओवीचा चेहरा समोर आला आणि त्यानं आपली वही उघडली. पहिलं नाव पंजाबराव, सातवं वामनराव, असं करत करत विसावं शालूबाई. भरल्यावर उत्तर आलं की दोन-तीन दिवसांत कूपन लागू होईल, फोन येईल. त्यानं लगेच शालूबाईला कळवलं, की मशीनचं जमतंय, मंगळवारपर्यंत माझा फोन येईल, मोबाईल जवळ ठेवा. घरात रेंज नव्हती, अंगणात अधूनमधून यायची, म्हणून तिनं विचारलं, वर स्लॅबवर बसू का? बसा, म्हणाला.

मंगळवारी सव्वाअकराला वामनराव कॉलेजात आले. निवृत्त मास्तर, पेन्शनच्या दाखल्याला आले होते. जाता जाता त्याच्या टेबलाशी थांबून तक्रारीच्या सुरात म्हणाले की तुमचा फोन आला होता आत्ता, आकडे मागत होता, पण माझा चष्मा घरी राहिला. आणि आवाज असा काय झालाय तुमचा?

नीळकंठनं त्या सकाळी कुणालाही फोन केला नव्हता.

वामनरावांच्या मोबाईलवर तो नंबर पाहिला, अनोळखी. मग त्यानं पंजाबरावला लावला. पंजाबराव म्हणाला, हाव, दहा वाजता आलता ना तुमचा फोन, देल्ले की आकडे. मात्र पंजाबरावच्या खात्यात चहापुरतेही पैसे नव्हते, म्हणून तो दरिद्रीपणानंच वाचला. दुसऱ्या नावाला सव्वादहाला फोन आला होता, तिसऱ्याला साडेदहाला. त्यानंच लिहिलेल्या यादीवर कुणीतरी बोट ठेवून वरून खाली येत होतं, आणि यादीच्या तळाशी शालूबाई होती. कूलर नाही, फोन नाही, ओवीचे दोन कान होते तिथं.

त्यानं शालूबाईला लावला. रिंग गेली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. उचललं नाही. तिसऱ्यांदा लावला तर रेकॉर्डवरची बाई सांगू लागली की आपण ज्यांना फोन केला आहे ते दुसऱ्या कॉलवर बोलत आहेत.

लेकीशी बोलत असेल, त्यानं स्वतःला समजावलं, पुष्पांजलीशीच बोलत असेल. साहेबाला न विचारता तो उठला, टेबलावरच्या फायली उघड्याच टाकल्या आणि गाडी काढली. फाटकातूनच, त्या दिवशी रजेवर घरी असलेल्या स्नेहलताला फोन करून सांगितलं की वही काढ, खालून वर एकेकाला फोन कर, म्हणावं कुणी आकडे देऊ नका. तिनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, माझ्या नावानं कुणीतरी बोलतंय.

देऊळघाट काही लांब नाही, दहा-बारा किलोमीटर. पण त्या दिवशी तो रस्ता सरेना. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढं एसटी, आणि मागं हा, हॉर्नवर अंगठा दाबून. बँकेत फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला खातेदारालाच बोलावं लागेल. बरोबरच होतं त्याचं. एरवी याच नीळकंठनं त्याला शाबासकी दिली असती. एका वळणावर बैल आडवा आला तेव्हा त्यानं ब्रेक दाबायला उशीर केला, बैलाची शेपटी गुडघ्याला घासून गेली, तरी तो थांबला नाही. मनात एकच हिशेब चालला होता. पंधरा मिनिटाला एक. नाही, सातव्यापर्यंत आला म्हणजे दहा-बारा मिनिटालाच एक. मग विसावा येईपर्यंत दोन तास आहेत. आहेत ना? पण चोर काय यादीच्या क्रमानंच चालेल? जास्त पैसे कुणाच्या खात्यात आहेत हे त्याला कळलं तर? एकाऐवजी दोघं चोर असले तर, एक वरून अन् एक खालून? ही कल्पना आली आणि त्यानं गाडी आणखी दामटली. खालून वर सुरुवात करायची अक्कल त्याला स्वतःला होती. ती चोराला नसेल कशावरून?

गावाअलीकडं तो एकदा थांबला, पुन्हा लावला. रिंग जात राहिली. त्याला रडू आलं. पन्नास वर्षांचा माणूस रस्त्याच्या कडेला गाडीवर बसून, देवाला म्हणत होता की घे, माझं खातं सगळं रिकामं कर, पण हिचं नको.

शालूबाईचं घर गावाच्या कडेला. अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि ओवी त्या मिरच्यांजवळ बसून एकेक उचलून रांग लावत होती. गाडीचा एवढा आवाज करत तो आला, तरी तिनं मान वर केली नाही. तो जवळ गेला, त्याची सावली तिच्यावर पडली, तेव्हा ती दचकली अन् हसली.

शालूबाई हात पुसत बाहेर आली. चेहरा उजळलेला. नीळकंठला धाप लागली होती. त्याच्या आधी तीच बोलली.

"घ्या बाप्पा, तुमीच आले! आता फोनवर देल्ले ना तुमाले आकडे. दोनदा देल्ले. पह्यले चुकले म्हने तुमी."

नीळकंठ खाली बसला. ओटा होता, पण तो जमिनीवरच बसला. शालूबाई पाणी आणायला वळली, आणि वळता वळता सांगत राहिली. वर जाइस्तोवर दोनदा रिंग बंद झाली, तिसऱ्यांदा उचलला. आवाज बसल्यासारखा वाटला मले. अन् एकदम कोरडं बोलून राह्यले होते, म्हटलं समोर साहेब असन. पन रामराम नाही, काही नाही, डायरेक आकडे, तवाच वळखलं का हे आपले भाऊच. फोन झाला अन् मी मोबाईल वरतीच ठेवून खाली आली, पोरीले भूक लागली होती.

तिला सांगावं लागलं. ते कसं सांगितलं, कोणत्या शब्दांत, हे नीळकंठला पुढं कधी आठवलं नाही. एवढंच आठवतं की शालूबाईला आधी समजलंच नाही. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, पन तुमीच होते. मी नव्हतो शालूबाई. तुमीच होते, तुमचं नाव घेतलं. मग स्लॅबवरून मोबाईल आणून तिनं त्याच्या हातात दिला, आणि त्यानं बँकेचे दोन मेसेज वाचून दाखवले. पंच्याहत्तर हजार, आणि पुन्हा पंच्याहत्तर. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला अन् पाणी मिरच्यांत गेलं. ओवी उठून तिच्या पायाला बिलगली.

नीळकंठनं तिच्याच मोबाईलवरून सायबर पोलिसांच्या हेल्पलाइनला लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडं एक बाई होती, शांत आवाजाची. तिनं सगळं विचारून घेतलं, थोडा वेळ थांबायला सांगितलं, आणि म्हणाली की पहिली रक्कम काढून घेतली गेलीय. दुसरी मात्र अजून एका खात्यात पडून दिसते, ती अडवता येईल, पण तक्रार आत्ता नोंदली पाहिजे. त्यासाठी तुमच्या मोबाईलवर सहा आकडे आलेत, ते सांगा.

नीळकंठनं मोबाईलकडं हात नेला. त्याआधीच शालूबाईनं तो उचलून छातीशी धरला होता.

"नाही," ती म्हणाली. "तुमाले नाही."

"शालूबाई, हे पोलिसांचे आहेत. लवकर सांगा, वेळ नाही."

"तो बी हेच म्हने. टाइम नाही म्हने."

तिचे डोळे त्याच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत भीती होती. नीळकंठची भीती. वीस वर्षं ज्याच्यासमोर तिनं कोणताही कागद न वाचता अंगठा उमटवला, त्या माणसापासून ती एक पाऊल मागं सरली, ओवीला दुसऱ्या हातानं मागं घेत. फोनमधली बाई हॅलो, हॅलो करत होती. नीळकंठनं हात जोडले. ती हलेना. त्याला कळत होतं की हा एकेक क्षण पैसे घेऊन चाललाय, आणि त्याला हेही कळत होतं की हिसकावून घ्यावा तर चोरात अन् आपल्यात मग काय उरलं?

काट्यांच्या कुपाटीपलीकडून हे सगळं ऐकून मंजुळाबाई आली. शेजारीण, सत्तरीची, सातवीपर्यंत शिकलेली, आणि शालूबाईच्या ओळखीतली एकटी बाई जिनं नीळकंठकडून कधी टाचणी घेतली नव्हती. सस्त्यातलं पचत नाही, असं तिचं म्हणणं. शालूबाईनं मोबाईल तिच्या हातात दिला. मंजुळाबाईनं तो तोंडाजवळ धरला आणि आकडे सांगायच्या आधी रीतसर रामराम केला. मग विचारलं, तू कोन बोलून राह्यली बाई? नाव काय तुवं? कोन्त्या गावची? हापिस कुठं हाय, तुवा साहेब कोन? नीळकंठ खाली बसल्या बसल्या तळमळत होता, ओठ चावत होता. पलीकडच्या बाईनं सगळ्यांची उत्तरं दिली, न चिडता. माहेर मेहकरकडचं निघालं. हिवरा आश्रम माहीत आहे का, मंजुळाबाईनं तपासलं. एव्हाना आधीच्या आकड्यांची मुदत सरली होती, पलीकडच्या बाईनं नवे धाडले; तेव्हा कुठं मंजुळाबाईनं मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून, एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

पाच-सात मिनिटं गेली. मग फोनमधून सांगितलं गेलं की दुसरी रक्कम अडवली आहे, ती खात्यात परत यायला काही दिवस लागतील. पहिलीचा शोध घेऊ, पण भरवसा धरू नका.

शालूबाई ओट्यावर टेकली. ओवीला मांडीवर घेतलं, तिच्या कानामागचे केस उगीच सारखे केले. रडली नाही. मग म्हणाली,

"मंजुळे, एका कानाची तं होईन ना व मशीन? एका कानानं शिकन ना पोरगी बोलाले?"

मंजुळाबाईला यातलं काय ठाऊक? तिनं नीळकंठकडं पाहिलं. नीळकंठला ठाऊक होतं. डॉक्टरांचा कागद त्यानं दहा वेळा वाचला होता, दोन्ही कान असं त्यावर खाली रेघ ओढून लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या कानाचे पैसे मी भरतो हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले होते. तो उठून दोन पावलं पुढं आला.

"त्याहिले नको इचारू," शालूबाई म्हणाली. "तू सांग."

मंजुळाबाईनं ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शिकेल म्हणून सांगितलं.